नकटीच्या टाकीतली माती

कोरिनाच्या थोरल्या मुलीनं ऐन लग्नाच्या आठवड्यात नवरा बदलला, त्या वर्षीची ही गोष्ट. साल एकोणीसशे शहाण्णव. पत्रिका आधीच छापून झाल्या होत्या, म्हणून जुन्या नावावर कागदाची पट्टी चिकटवून नव्या नवऱ्याचं नाव लिहिलं होतं. ती पट्टी नखानं उचलून खालचं नाव वाचलं नाही असं एकही घर एस्पान्योला गावात निघालं नसतं. लग्न मात्र झकास झालं. फक्त केक कापायच्या वेळी नवरीच्या आजोबाला, म्हाताऱ्या देल्फिनोला, खोकल्याची अशी उबळ आली की वाजंत्री थांबली, आणि त्याची मुलगी एर्सिलिया सगळ्यांदेखत उभी राहून म्हणाली, "बस्स झालं. पापा आता माझ्याकडे येणार. आल्बुकर्कीला."

"कोण पापा?" देल्फिनोनं विचारलं. श्वास पुरत नव्हता, तरी एवढं विचारायला त्यानं राखून ठेवला होता.

"तुम्ही."

"तुझ्या घरात पांढरा गालिचा आहे. मी तिथं खोकू कुठं?"

त्यावरून जे जुंपलं ते पैजेवर येऊन थांबलं. देल्फिनो म्हणाला, "गॅरेजमध्ये नकटी उभी आहे. ती आणि मी एकाच वयाचे समज. तिच्या इंजिनात जीव असेल तर माझ्यात पण आहे. ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी अंधार पडायच्या आत ती चालू झाली तर मी माझ्या घरात राहणार आणि तू पुन्हा तो विषय काढायचा नाही. नाही झाली तर मी मुकाट्यानं तुझ्या गाडीत येऊन बसेन."

"मुकाट्यानं?"

"खोकला सोडून."

एर्सिलियानं तिथल्या तिथं हात पुढे केला. तिनं गाडी पाहिलेली होती.

नकटी म्हणजे चौसष्ट सालची इम्पाला. वांग्याच्या रंगाची, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली बसवलेली. एर्सिलियाची आई अमादा गाडी शिकताना चॅपेलच्या भिंतीवर जाऊन आदळली, तेव्हा गाडीचं नाक बसलं. देल्फिनोनं ते ठोकून जमेल तेवढं सरळ केलं, पण नाव कायमचं पडलं. दर ईस्टरला सगळ्या गावच्या असल्या बुटक्या गाड्या मोठ्या रस्त्यावरून गोगलगायीच्या चालीनं जात, त्यात नकटी असे, आणि अमादा खिडकीतून हात बाहेर टाकून बसलेली असे. अमादा पंच्याऐंशी साली गेली. देल्फिनोनं गाडी गॅरेजमध्ये घातली, कुलूप लावलं, आणि त्यानंतर तिच्या सीटमध्ये उंदरांच्या किती पिढ्या नांदल्या ते उंदरांनाच ठाऊक.

एर्सिलियाला गाडीशी वैर नव्हतं. तिला फोनची भीती होती. आल्बुकर्कीत दातांच्या डॉक्टराकडे ती रोग्यांची नावं पुकारायचं काम करी, आणि तिथला फोन वाजला की दर वेळी पुकारायचं नाव ती विसरे. पापा एकटे. छाती खाणीतल्या धुळीनं भरलेली. पडले तर कोण उचलणार? आईच्या वेळी ती पोचली होती तेव्हा चादर वर ओढून झाली होती. पुन्हा तसं पोचायचं नाही, एवढं एकच तिनं मनाशी धरलेलं होतं.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी ती रजा टाकून आली, तेव्हा गॅरेजचं दार उघडलेलं होतं आणि तिचा भाऊ गिल्बेर्तो बोनेटखाली कमरेपर्यंत गडप झाला होता. हा सरकारी रस्त्यांवर माती सपाट करणारं यंत्र चालवायचा; त्यामुळे जगातल्या सगळ्या यंत्रांवर बोलायचा आपल्याला हक्क आहे असं त्याचं मत. दारात स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून देल्फिनो बसला होता. नाकात नळी, आणि शेजारी चाकांच्या गाड्यावर ऑक्सिजनचा सिलिंडर, पाळलेल्या कुत्र्यासारखा.

"जाम आहे," गिल्बेर्तो आतून म्हणाला.

"कशावरून?" देल्फिनो.

"फिरत नाही."

"हे मला इथून दिसतंय. प्लग काढ. भोकांतून तेल सोड. मग लांब दांड्याचा पाना लाव आणि हळू मागं-पुढं कर. जोर लावू नकोस. तिला समजाव."

"पापा, ही लोखंडाची आहे."

"तुझी आई पण तशीच वाटायची."

एर्सिलिया स्वयंपाकघरात गेली. तिथं गिल्बेर्तोची बायको कोरिना सासऱ्यासाठी लाल मिरचीचा रस्सा ढवळत होती. दोघींचं त्या दिवशी फार गूळपीठ होतं. म्हाताऱ्याचे कपडे, जेवण, गोळ्या, सगळं कोरिनाच्या गळ्यात होतं, आणि तिनं डाव हातात धरून सांगितलं, "ने बाई, ने. गाडी चालू झाली तरी ने. मी किल्ली पाटाच्या पाण्यात टाकते हवं तर."

पण ही युती गुरुवारच्या जेवणापर्यंतच टिकली. गुरुवारी एर्सिलियानं रश्श्याचा एक घास घेतला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "कोरिना, पापांचा खोकला मला वाटतं या तिखटानं वाढतो."

कोरिनानं डाव पातेल्यावर आडवा ठेवला, हात पुसले आणि सरळ गॅरेजमध्ये गेली.

"गिल्बेर्तो, ही गाडी चालू झालीच पाहिजे."

"तू तर काल म्हणालीस..."

"काल काल होता. बॅटरी धरू का कुठं?"

शुक्रवारी पाटाच्या फळीवरून तोल सांभाळत देल्फिनोची थोरली बहीण आली, मुलांची तिया म्हणजे आत्या, लिब्राडा. डोक्याला काळा रुमाल, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गिल्बेर्तोच्या हातात पाना दिसला, किंवा वाजला म्हणा, तशी ती दारातच थांबली.

"आज लोखंडाला हात लावायचा नाही. आजच्या दिवशी प्रभूला खिळे ठोकले."

"तिया, मी खिळा कुठं ठोकतोय? बोल्ट फिरवतोय."

"बोल्ट म्हणजे आटे पाडलेला खिळाच."

"एक दिवस वाया जाईल, तिया."

"इंजिनाला पण उपास घडू दे. त्यानं कधी केलाय?"

यावर देल्फिनोनंसुद्धा पाना ठेवून द्यायची खूण केली. लिब्राडाशी वाद घालून जिंकलेला माणूस त्या खोऱ्यात अजून जन्मला नव्हता. एर्सिलियाला आतून बरं वाटलं, एक दिवस आपल्या पदरात पडला म्हणून. मग त्या तिघी बायका चालत चिमायोला गेल्या, जसं सगळं खोरं त्या दिवशी जातं. देवळाच्या मागच्या लहानशा खोलीत जमिनीला खड्डा आहे, त्यातली माती अंगाला लावली की दुखणं हटतं, असं तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लिब्राडानं दोन बोटांत मावेल तेवढी रुमालाच्या टोकाला बांधली. कोरिनानं प्लास्टिकच्या पिशवीत घेतली. एर्सिलिया त्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि बाहेर थांबली. आईच्या आजारपणानंतर ती त्या उंबऱ्याच्या आत कधी गेली नव्हती.

शनिवारी सकाळी इंजिन फिरलं. गिल्बेर्तोनं पान्याच्या दांड्याला जरा रेटा दिला, आतून म्हाताऱ्या माणसानं कूस बदलावी तसा आवाज आला, आणि पंखा एवढासा हलला. कोरिनानं किंकाळी फोडली. देल्फिनो खुर्चीतून अर्धा उठला. एर्सिलिया दारात कॉफीचा कप घेऊन उभी होती. तिला स्वतःच्याच नकळत हसू आलं, ते तिनं कपात लपवलं.

प्लग बसवले, बॅटरी जोडली. जुनं सडलेलं पेट्रोल नळीनं ओढून काढून गुरुवारीच नवं भरलेलं होतं. पेट्रोलच्या वाटेवरची गाळायची जाळी मात्र कुजली होती. दुकानदार म्हणाला, नवी ईस्टरनंतर येईल. गिल्बेर्तो म्हणाला, नवं पेट्रोल आहे, जाळी कशाला हवी? हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण नंतर तो ते विसरला.

दुपारी सेल्फ मारला. नकटी खोकली. पुन्हा मारला. धडधडली, मागून काळ्या धुराचा गोळा सोडला, पाच-सहा श्वास चालली आणि गपकन मेली. पुन्हा तेच. आणखी एकदा तेच. प्रत्येक वेळी चालायची ती आधीपेक्षा कमी.

"पेट्रोल पोचत नाही," देल्फिनो म्हणाला. "कार्ब्युरेटर उघड."

गिल्बेर्तोनं कार्ब्युरेटर काढून बाकावर ठेवला, खालची वाटी सोडवली आणि बराच वेळ तिच्यात बघत राहिला. वाटीत करड्या-तपकिरी रंगाचा चिखल बसलेला होता.

"गंज आहे का?" कोरिनानं विचारलं.

"गंज नाही. माती आहे." त्यानं सावकाश मान वळवली. "एर्सिलिया, तू गॅरेजमध्ये एकटी कधी आली होतीस?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं की पैज कोणाला जिंकायची आहे?"

"मी टाकीत माती घातली म्हणतोस?" एर्सिलियाचा आवाज चढला. "मला जिंकायला मातीची काय गरज? तू आहेस की!"

"काल रात्री कुत्रा भुंकत होता," कोरिनानं पुरवणी जोडली.

"कुत्रा तुझ्या रश्श्याच्या वासानं भुंकत होता!"

"इकडे आण," देल्फिनो म्हणाला. दोघींचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा होता, म्हणून त्यानं सिलिंडरवर अंगठी वाजवली. "इकडे आण ती वाटी."

त्यानं चिखल बोटांत घेतला, अंगठ्यानं चोळला, नाकाशी नेला. "ही चिमायोची."

"कशावरून?"

"तीन वर्षं झाली, दर शुक्रवारी लिब्राडा ही माझ्या छातीला चोळते. माझ्या बनियनला विचार."

सगळे लिब्राडाकडे वळले. ती पेट्रोलच्या रिकाम्या डब्यावर बसून जपमाळ ओढत होती. तिनं आणखी दोन मणी ओढले, मग म्हणाली, "चिमूटभर. तेवढ्यानं काय होतंय?"

"कुठं घातलीत?" गिल्बेर्तोनं विचारलं.

"जिथून ती पिते तिथं. माणसाला बाहेरून चोळतात. हिला बाहेरून रंग आहे. रंग खराब झाला असता तर तुम्हीच ओरडला असता."

कोरिना हसायला लागली, आणि हसता हसता मधेच थांबली. "मी पण थोडी घातली."

"थोडी म्हणजे किती?"

"चमचाभर. शीग लावून."

गिल्बेर्तोनं कपाळावर हात मारला, त्या हाताचं तेल कपाळाला लागलं. मग त्यानं टाकीचं झाकण उघडून विजेरी आत धरली, डोळा लावला, आणि त्याचा आवाज टाकीतून आल्यासारखा आला. "हे चमच्याचं काम नाही. तळाला नदी आटल्यासारखी माती आहे. इथं मका पेरता येईल."

देल्फिनो सिलिंडरचा काटा बघायला लागला. तो काटा आजवर एकदाही त्यानं आपणहून बघितलेला नव्हता, म्हणून एर्सिलियाच्या ते चटकन लक्षात आलं.

"पापा?"

"काय आहे?"

"पापा, तुम्ही?"

देल्फिनो काट्याशीच बोलला. "तुझी आई गेली तेव्हा डब्यात उरली होती. कॉफीच्या डब्यात. ती माती फेकता येत नाही. घरात ठेववेना. लिब्राडाला दिली असती तर तिनं मलाच चोळली असती. मग मी गाडी आत लावली आणि सगळी टाकीत ओतली. अमादा नाही तर गाडी कुठं न्यायची होती?"

"आणि तरी पैज लावलीत?" गिल्बेर्तो म्हणाला.

"विसरलो होतो." श्वास घेतला. "विसरलो नव्हतो. म्हटलं, इतक्या वर्षांत विरघळली असेल."

"माती? पेट्रोलमध्ये?"

"साधी माती नाही ती. काहीतरी करेल म्हटलं."

लिब्राडानं आभाळाकडे बघून छातीवर क्रूस काढला, भावासाठी की मातीसाठी ते कळलं नाही. गिल्बेर्तो मात्र अजून हिशेबात अडकला होता. "पण डबाभर? तिथून माणूस चिमूट आणतो. डबाभर आणली कोणी?"

"मी," एर्सिलिया म्हणाली.

ती बाकाच्या कडेला टेकली. आईच्या आजारपणात ती दर रविवारी आल्बुकर्कीहून यायची, आधी चिमायोला जायची, पदरात धरल्यासारखी स्कार्फमध्ये माती घ्यायची आणि मग घरी यायची. आईला चोळायची. उरलेली डब्यात टाकायची. डबा भरत गेला आणि आई आटत गेली. डब्याचं पुढं काय झालं हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

गिल्बेर्तोचा चेहरा हळूहळू उजळला. त्याला आवरेना. "म्हणजे माती एर्सिलियाचीच! मी पहिल्यांदाच काय म्हटलं होतं?"

कोरिनानं त्याच्या पाठीत चापट मारली, पण तोवर देल्फिनो खीं खीं करत हसायला लागला होता. त्याचं पाहून लिब्राडा, आणि मग डोळे पुसता पुसता एर्सिलिया पण.

हसणं संपलं तेव्हा ऊन भिंतीवरून वर चढलेलं होतं. गिल्बेर्तोनं वाटी धुवायला पेट्रोलचा डबा उचलला, तर लिब्राडानं वाटीसकट कार्ब्युरेटर मांडीवर ओढून घेतला आणि वर रुमाल पांघरला.

"पेट्रोलनं धुऊन मोरीत ओतायची ही वस्तू नाही."

"तिया, उजेड जाईल!"

"जाऊ दे. तुझा जाईल. मला असाही कमीच आहे."

गिल्बेर्तोनं विनवलं, कोरिनानं विनवलं. म्हातारी जागची हलेना. एर्सिलियाला कळून चुकलं की आता आपल्याला काहीच करायचं नाही. नुसतं गप्प बसायचं. तासाभरात अंधार पडेल, पापांची पिशवी तर तिनं बुधवारीच भरून ठेवली होती, आणि उद्यापासून फोनची भीती नाही. तिनं पापांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. बोटांना लागलेला चिखल विजारीला पुसायला त्यांनी हात नेला, मधेच थांबवला आणि सदऱ्याची गुंडी काढून छातीला पुसला.

"तिया," एर्सिलिया उठली. "ती माती कोणाची?"

"देवाची."

"देवानं दिली कोणाला होती?"

लिब्राडा जरा घुटमळली. "तुला."

"मग मी सांगते काय करायचं ते. एक कण मोरीत जाणार नाही. द्या इकडे."

तिनं आत जाऊन कोरिनाचं मोठं पातेलं आणलं, देवळात न्यायचा आपला पांढरा स्कार्फ त्याच्या तोंडाला बांधला.

"माझं पातेलं!" कोरिना ओरडली.

"तिखटाचा वास जातो का बघू."

"तुझ्या जिभेचा गेला तर पुष्कळ झालं," कोरिना म्हणाली, आणि स्कार्फचं दुसरं टोक धरायला बसली.

कार्ब्युरेटर धुतलेलं पेट्रोल गळून खाली गेलं, माती वर फडक्यात राहिली. लिब्राडा नाकाजवळ धरून कण कण तपासत होती. टाकी सोडून द्यायची ठरली. गिल्बेर्तोनं पेट्रोलचा लाल डबा इंजिनाशेजारी तारेनं बांधला आणि नळी सरळ पंपाला जोडली. सूर्य डोंगरामागं गेला. कोरिनानं दिवा लावून बोनेटखाली धरला, तसा लिब्राडानं तो हात खाली दाबला.

"विझव! दिवा लावला म्हणजे अंधार पडला असं आपणच कबूल केलं!"

म्हणून शेवटचे चार बोल्ट गिल्बेर्तोनं शिव्या देत, चाचपडत बसवले.

"मारू का?" तो म्हणाला.

"विचारतोस काय? मार."

सेल्फ घरघरला. काही नाही. पुन्हा घरघरला, आता जरा मरगळलेला. बॅटरी पण दमली होती. देल्फिनोनं ओठ मिटून घेतले. तिसऱ्यांदा इंजिनाच्या आठ भोकांपैकी एक बोललं, मग दुसरं, मग आठही एकदम बोलायला लागले, आणि नकटीनं इतक्या वर्षांचं तेल, गंज आणि उंदरांची घरटी निळ्या धुरातून अंगणात ओकून टाकली. देल्फिनो खोकत होता. एर्सिलिया त्याच्याकडे धावली, तर त्यानं हात वर केला. "ऐक," म्हणाला. "ऐक ना."

इंजिन थांबलं नाही. खोल, संथ, पोटातून आलेला आवाज. खिडकीच्या काचा बारीक थरथरत होत्या.

मग एकेकाच्या लक्षात आलं आणि सगळे आभाळाकडे बघायला लागले. डोंगराच्या वर एक तारा आला होता. नुसता आला नव्हता, चांगला ठसठशीत चमकत होता. सगळे एर्सिलियाकडे बघत राहिले.

"काय बघताय?" ती म्हणाली. "कुठं पडलाय अंधार? मला तर सगळं दिसतंय."

"मला पण," लिब्राडा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ईस्टरला नव्यानं भांडण झालं, कारण ऑक्सिजनचा सिलिंडर आणि पेट्रोलचा उघडा डबा एका गाडीत ठेवू द्यायला एर्सिलिया तयार नव्हती. "तुम्हाला फिरायला जायचंय की थेट वर?" तिनं विचारलं. शेवटी देल्फिनोनं नळी काढली आणि स्वतः स्टिअरिंगला बसला. शेजारी लिब्राडा, मागं गिल्बेर्तो आणि कोरिना. एर्सिलिया आपल्या गाडीत सिलिंडर पट्ट्यानं सीटला बांधून मागोमाग निघाली. सगळ्या गावच्या बुटक्या गाड्यांमध्ये नकटी माणूस चालतो त्याहून हळू चालली होती. एर्सिलिया मागून हॉर्न वाजवत होती, काचेतून ओरडत होती, "पापा, श्वास घ्या!" आणि रस्त्याच्या कडेचे लोक तिलाच हात करत होते, कारण त्यांना वाटलं ती पण सणाला आली आहे. मोठ्या रस्त्याच्या टोकाला देल्फिनोनं गाडी थांबवली, नळी मागून घेतली, थोडा वेळ नाकात धरली आणि परत दिली. मग त्यानं गाडी वळवली.

भरलेली पिशवी एर्सिलियानं तिच्या जाण्याच्या दिवशी रिकामी केली. पापांचे बनियन पुन्हा खणात ठेवले. ठरल्याप्रमाणे तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी ती येऊ लागली आणि रविवारी रात्री जाऊ लागली. कोरिनाच्या रश्श्याबद्दल ती त्यानंतर एक शब्द बोलली नाही, पण खाताना पाणी प्यायची, आणि कोरिना ते मोजायची.

तिया लिब्राडा त्याच वर्षी जुलैत गेली, सान्ता आनाच्या सणाच्या दिवशी, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. देल्फिनो दोन हजार सालच्या फेब्रुवारीत गेला, स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर. शनिवार होता. एर्सिलिया घरातच होती.